वाकून शिवणारी आत्या

फोन आला तेव्हा मी मोहोळच्या ऑफिसात होते, दुपारचा डबा नुकताच उघडला होता. आतेभाऊ प्रकाश एवढंच म्हणाला, "वैशाली, आई गेली... बसल्या जागी." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. सोलापूरच्या एसटीत बसले, आणि टेंभुर्णीकडून आलेल्या त्या गच्च गाडीत कुणीतरी उठून मला खिडकीजवळ जागा दिली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की मी पाठ टेकवून, दोन्ही पाय सपाट टेकून बसले आहे, अगदी आत्या सांगायची तशी. तोवर आवरलेलं रडू तिथे फुटलं.

आता दीड महिना झाला. शकुंतलाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर मंगळवेढ्याचं. लग्न होऊन सोलापूरच्या भवानी पेठेत आली आणि चाळीसेक वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवत राहिली. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहिले. शाळा उघडण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत तर तिची मान वर झालेली मी पाहिलीच नाही. तिचा चेहरा मला आजही बाजूने आठवतो... नाकावर घसरलेला चष्मा, ओठांत टाचणी, आणि पाठीला पडलेली कमान. मी कधी ओरडले तर म्हणायची, "आमच्या धंद्यात ताठ कोण हाय ग? कापड खाली, डोळं खाली. मग मान वर करून काय आढ्याला टाके घालू?"

पाच वर्षांपूर्वी तिची मान फारच धरायला लागली. मी नोकरीला लागले होते, आत्यासाठी काहीतरी करायची हौस होती. आधी पाठीचा पट्टा आणून दिला. तो तिने दोन दिवस घातला आणि तिसऱ्या दिवशी कापडाचा गठ्ठा बांधायला वापरला. मग ऑफिसातल्या कुणीतरी एका माणसाचं नाव सांगितलं. मानेला एक झटका देतो, म्हणे, की माणूस सरळ! मीच तिला रिक्षात घालून घेऊन गेले. त्या माणसाने नाव विचारलं नाही, काय होतंय विचारलं नाही. हनुवटी धरली आणि मान फिरवली. कडकन आवाज झाला. आत्या डोळे मिटून क्षणभर तशीच बसून राहिली. "बरं वाटतंय की," म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली, हे मला नंतर कळलं.

आठ दिवसांनी तिच्या हातातून कात्री पडली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप. बोटांना मुंग्या येत होत्या आणि ती ते लपवत होती. मला कळलं तेव्हा मी तिच्यासमोर बसून रडले. म्हटलं, "आत्या, मीच तुला तिकडे नेलं ग..." ती उजव्या हाताची बोटं चोळत म्हणाली, "तू न्हेलंस, मी गेली की. तोंड तर माझंच व्हतं न्हवं? इचारायला पायजे व्हतं. कापड घेताना धा दुकानं फिरती मी, आन् मान दिली फुकट कुनाच्या बी हातात!"

त्यानंतर शोधाशोध तिने स्वतःकडे घेतली. एका ठिकाणी तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिला मान ताणायच्या मशीनवर झोपवायला निघाले आणि चाळीस दिवस यावं लागेल म्हणाले. ती चपला घालून सरळ बाहेर आली. दुसरीकडे कविता मॅडम भेटल्या, फिजिओथेरपिस्ट, वयाने माझ्याएवढ्याच असतील. आत्याने आधी त्यांनाच विचारलं, "तुमी शिकलाय कुटं? शिवनकाम करनारी मानसं येत्यात का तुमच्याकडं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या आणि सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. स्टूल केवढं, कापड कुठल्या बाजूला ठेवता, झोपता कशा. तिला चालायला लावलं, आपली दोन बोटं तिच्या मुठीत देऊन दाबायला सांगितली. दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "आजी, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही. हाताची ताकद कमी झालीय. आधी मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, आजच. त्यांनी सांगितल्यावर मी आहेच."

जिना उतरताना आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हीच बाई खरी. आपलं काम कुटं संपतंय ते तिला म्हाईत हाय."

तपासणीत नस दाबली गेल्याचं निघालं. वेळेत आलात, ऑपरेशन टळेल असं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं झाली, विश्रांती झाली, आणि मग त्यांची चिठ्ठी घेऊन ती पुन्हा कविता मॅडमकडे गेली. त्या एकदा घरी येऊन मशीनसमोर बसलेली आत्या बघून गेल्या. मशीनखाली लाकडी ठोकळे आले, अर्ध्या अर्ध्या तासाने उठायची सक्ती आली. चार-पाच महिन्यांत मूठ बरीचशी परत आली. काज करायची बोटं मात्र पूर्वीची झाली नाहीत. ते काम तिने शेजारच्या पद्माला दिलं.

पण त्या दुखण्याने तिला एक नवीनच काम लावलं. गल्लीतल्या बायका, विडी वळणाऱ्या, पॉवरलूमवर कामाला जाणाऱ्या, तिच्या उंबऱ्यावर येऊन विचारायच्या, पाठ गेलीय, कुणाकडे जाऊ? आत्या मशीन थांबवायची. "जाशील तितं बघ, त्यो आदी इचारतो का आदी हात लावतो. घरी करायला काय शिकवतो का बघ. आन् जल्मभर येत ऱ्हा म्हनला, तर उठून ये." शेवटी मलाही तिनेच कविता मॅडमकडे धाडलं. कॉम्प्युटरपुढे बसून माझे खांदे पुढे आले होते. "आता तू बी माझ्यावानी दिसाय लागलीस," म्हणाली, आणि माझ्याबरोबर आली.

मागच्या रविवारी प्रकाशला मदत करायला मी तिची खोली आवरायला गेले. दार लोटलं तर दारामागच्या भिंतीवर एक तेलकट गोल डाग. प्रकाश म्हणाला, "आईचा आहे. रोज सकाळी वेणी घातली की तिथं उभी राहायची. टाचा, पाठ, डोकं, सगळं भिंतीला टेकवून. मॅडमनी सांगितलं होतं. एक दिवस चुकवला नाही."

तो पलीकडे गेल्यावर मी तिथे उभी राहिले. टाचा टेकवल्या, पाठ टेकवली, डोकं टेकवलं. भिंत गार होती. मग हात वर करून डाग चाचपला. माझं डोकं टेकलं होतं त्याच्या दोन बोटं वर होता तो. आत्या माझ्यापेक्षा बुटकी, असं मी जन्मभर समजत आले होते...