चहा टाळता न येणारा गेम

मुलांनो, आमच्या महाडात इन्व्हर्टर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे, मूळचा कुडपणचा. बोलताना तो स्क्रूड्रायव्हर कानावर अडकवतो आणि मग घरभर शोधतो. फावल्या वेळात तो जुन्या धाटणीचे, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचे व्हिडिओ गेम बनवतो.

दोन वर्षं खपून बनवलेल्या त्याच्या गेममध्ये, तुम्हीही खेळलात त्याच, पोस्टमनने दिवस मावळायच्या आत डोंगरवाडीत पत्रं वाटायची असतात. पण प्रत्येक घरातली म्हातारी त्याला चहाला बसवते आणि कप रिकामा झाल्याशिवाय सोडत नाही. चहा टाळायचं बटण द्या, असं खेळणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा कळवलं. त्यांत तुम्हीही होतात. बटण मिळेना, तेव्हा बरेचजण गेम सोडून गेले. हा मात्र ढिम्म.

"चहा न घेता कोण उठतं काकू आमच्यात? नाय चालला गेम तर नाय चालला."

परवा माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलून तो लगबगीने निघाला. मी आधण ठेवलं होतं.

"आज नको काकू, अजून चार घरं बाकी हायत."

"बटण नाही रे," मी म्हटलं आणि दाराला कडी घातली.

तो हत्यारांची पिशवी खाली ठेवून बसला. मी कप काठोकाठ भरला.