आधी स्वतःचं सांगणारी

गिरण्यांचा संप फिसकटला त्या सुमारास आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आरोग्याची पाहणी करत होतो. प्रश्न विचारायला वस्तीतलीच एक बाई आमच्याबरोबर यायची. काखेत फॉर्मांचा गठ्ठा, पदर खोचलेला. कुणाच्याही उंबऱ्यावर हक्कानं बसायची आणि आधी स्वतःचं सांगायची, "माझी दोन गेली बघ जुलाबानं. तुझं कुणी गेलं का गं?" मग समोरची हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला लागायची.

मी पुस्तकं वाचून आलेली. तिला म्हटलं, "असं आधी सांगायचं नाही, त्यानं उत्तरं बदलतात. फॉर्मात आहे तेवढंच विचारा."

"तुम्ही शिकलेल्या, ताई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती उभ्या उभ्याच विचारू लागली, "पाच वर्षांखालचं मूल दगावलंय का?" बायका दारातूनच 'नाही' म्हणायच्या. फॉर्म भराभर संपले, आणि मी खूश.

अहवाल मीच लिहिला. या वस्तीत मुलं फारशी दगावत नाहीत, असं त्यात आहे. तिची दोघंही त्यात नाहीत. ती आमच्यातलीच, म्हणून तिच्या घरी फॉर्म घेऊन मी कधी गेलेच नाही.