खंडेनवमीची हिरवी ज्योत

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात आलेल्या बाईला गार पाण्याचा तांब्या दाखवून मी शुद्धीवर आणलेलं आहे, विचारा आमच्या गल्लीत कुणालाही! तरी हे लिहायला बसले आहे, कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही एका दुपारचा मला उलगडा झालेला नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत घर. घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी... देवनागरी मी मोठेपणी शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोष्ट साठच्या दशकातली. माझे यजमान — ‘हे’ — गावाच्या कडेला बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. बसला रंग फवाऱ्याने मारतात, फवाऱ्याला दाबलेली हवा लागते. आणि आमची हवा म्हणजे काय, अर्धी कावेरीच! कॉम्प्रेसरमधून निघाली की नळीत पाणी, ते पाणी रंगात गेलं की नव्याकोऱ्या बसला कांजिण्या आल्यासारखे फोड. म्हणून तिथे एअर ड्रायर बसवला. फ्रिजचाच भाऊ तो. हवा त्यातून गार करत न्यायची, गार झाली की तिच्यातलं पाणी सुटून खाली साठतं, ते तोटीने काढून टाकायचं आणि कोरडी हवा पुढे सोडायची.

पहिला ड्रायर ह्यांनीच निवडला, विलायती कॅटलॉग बघून. कॉम्प्रेसर जेवढी हवा देतो तेवढ्या हवेचा ड्रायर — झालं! पण कॅटलॉग थंड देशाचा. तिथे ड्रायरमध्ये शिरणारी हवा निवलेली असते, इथे तापलेली आणि ओलीचिंब. फोड काही थांबेनात. मी म्हटलं, “चौघांच्या भांड्यात पंगतीचं सांबार कसं मावायचं?” मग काय, ह्यांच्या नाकाला मिरची झोंबली, कितीतरी दिवस अबोला. शेवटी स्वतःच मद्रासहून जवळजवळ दुप्पट मोठा, पण जुना ड्रायर शोधून आणला, हवा आधी पाण्याच्या कूलरमधून निववून घ्यायची सोय केली, तेव्हा कुठे फोड गेले. तेव्हापासून ते यंत्र म्हणजे ह्यांचं दुसरं लेकरू. त्याच्या जाळीवरची धूळ झाड, पाण्याची तोटी उघडून धू... माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नाही ह्या माणसाने!

त्या जुन्या यंत्रात मिथाइल क्लोराइड नावाचा गॅस होता. वाईट गॅस. वास जेमतेम, गोडसर. हुंगता हुंगता माणसाला गुंगी येते आणि पुढे जीवही जातो. तो कुठे गळतोय हे बघायला ह्यांच्याकडे एक स्पिरिटचा दिवा होता, त्यात तांब्याची चकती. गॅस ज्योतीत शिरला की ज्योत हिरवी होते. मला एकदा कारखान्यात नेऊन दाखवली होती. भाताच्या कोवळ्या रोपाचा रंग... डोळा हटत नव्हता.

तर त्या वर्षीची खंडेनवमी. इथले लोक तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं धुवून-पुसून, विभूती-चंदन लावून पूजतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. शिंप्याची सुई बंद, भातगिरणी बंद, माझी शाळेची पुस्तकंसुद्धा देवापुढे. पण ह्यांचं डोकं तिरपं! ड्रायर वर्षभर अहोरात्र चालू, उघडायला सापडतो तो फक्त ह्याच दिवशी. “एक जोड सैल झालाय, आवळून येतो, देवीला कळणारसुद्धा नाही,” म्हणून जेवण होताच सायकल काढून गेले. मामंजी — माझे सासरे — झोपाळ्यावरून ओरडले, “अरे, आज नको!” पण ऐकतो कोण?

सगळं गाव त्या दुपारी थांबलेलं होतं. गिरणीचा आवाज नाही, जटक्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या टांग्याच्या, घोड्याची घंटा नाही. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती, तीही हळूहळू थांबली. मी देवघराच्या उंबऱ्याशी बसले होते, ना झोपेत ना जागी. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता आणि मला वाटत होतं, आपण पाण्याखाली बसलोय. छान वाटत होतं हो! उठूच नये असं.

आणि देवापुढचं निरांजन हिरवं झालं.

कडेने हिरवट नव्हे, अख्खी ज्योत. शांत, न हलता जळत होती. मी बघत राहिले. गोडसर वास आला, केळं जास्त पिकल्यासारखा. स्वप्न म्हणाल तर मागून मामंजींचा आवाज आला, “अगे, बघ बघ! देवी प्रसन्न झाली!” म्हातारे हात जोडून उभे होते.

“देवी कसली, मामंजी! गॅस आहे तो!” असं ओरडले आणि तशीच निघाले. आमच्या घरात कुठला आलाय गॅस, हा विचार मनात आला नाही. हे तिथे मरतायत एवढंच कळत होतं.

कोपऱ्यावर जटके होते. चाकांना चंदन, घोड्यांच्या गळ्यात झेंडू. “आज चाक फिरवायचं नाही अम्मा,” जटकेवाला म्हणाला. हुज्जत घालायला वेळ नव्हता. अनवाणी धावले. रेशमी लुगडं, हातात धरलेला ओचा, सगळी गल्ली बघतेय... बघू दे! रस्ता संपतच नव्हता. स्वप्नात धावावं तसे पाय उचलत होते आणि मी होते तिथेच होते.

कारखान्याच्या फाटकात मुत्तु, तिथला राखणदार, चणे खात बसला होता. ‘हे कुठे?’ विचारलं तर म्हणाला, “अय्या आत आहेत अम्मा. यंत्रापुढचा पूजेचा दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून खिडक्या-दार मीच लावून घेतलंय.”

दार ढकललं. तोच गोड वास. दिवा विझलेला. यंत्राच्या मागे, भिंतीला टेकून हे बसले होते, हातात पाना, डोळे अर्धे मिटलेले, आणि हसत होते... इतकं सुखाने हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. हाक मारली तर ओ नाही. मुत्तुने आणि मी बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. अंगणात झाडाखाली निजवलं तेव्हा मी त्यांच्या थोबाडीत मारली. दोनदा मारली. आणि मग भोकाड पसरून रडले.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर हाती लागले नसते. बरेच दिवस ह्यांना एकाचे दोन दिसायचे. “एक बायको झेपेना, आता दोन दिसतायत!” असं म्हणाले तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

निरांजनाचं म्हणाल तर विज्ञानाची बाई गप्प बसते होय? पितळेत तांबं असतं. चिंच-मीठ लावून घासलं, थोडं मीठ चिकटून राहिलं, तर ज्योतीला हिरवी झाक येऊ शकते. ह्यांचंही हेच म्हणणं. मग मी ते निरांजन चिंच-मिठाने घासून, न धुता, अर्धवट धुऊन, शंभर तऱ्हांनी लावून पाहिलं. पिवळं ते पिवळंच. आणि मानलं, मिठाने झालं असेल, तरी तो वास? तो तर मामंजींनाही आला होता.

पण खरी गोष्ट ती नाहीच. ती मला पुष्कळ दिवसांनी कळली. संध्याकाळी आम्ही ओसरीवर कापी, म्हणजे तुमची कॉफी, पीत बसलो होतो आणि मी सहज विचारलं, “तिथे बसून हसत कशाला होतात?”

“तू होतीस की शेजारी,” हे म्हणाले.

“मी? मी तर नंतर आले.”

“नंतर आलीस ती वेगळी. त्याआधी तू बसली होतीस. माझा हात धरून. मज फार झोप येत होती, डोळा लागला की तू हात दाबायचीस. एकच बोलत होतीस — झोपू नका, मी येते आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “शेजारी बसलेली बाई ‘येते आहे’ कशाला म्हणेल, हे मज अजून कळलं नाही. तुज कळतंय?”

झोपू नका, मी येते आहे... घरापासून फाटकापर्यंत धावताना मी हेच पुटपुटत होते. मोठ्याने नव्हे, ओठातल्या ओठात. कुणाला सांगितलंही नव्हतं.

हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आम्ही भांडलोही भरपूर. पण त्या संध्याकाळी मी त्यांचा हात धरून बसले.