दत्तारामकाकांचे तीन महिने

पेन्शनचं मदत केंद्र उघडलं की दारात रांग लागेल, असं मला वाटलं होतं. दोन वर्षं परदेशात सामाजिक सुरक्षा शिकून आले होते. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे खोली घेतली, भिंतीवर मोठा तक्ता लावला: वय अठ्ठावन्न, नोकरी किमान दहा वर्षं. पहिल्या आठवड्यात तिघं आले. त्यातल्या दोघांना पूर्णगडची गाडी कुठे लागते ते विचारायचं होतं!

अशा टेबलामागे बसलं की किस्से आपोआप साचत जातात. सांगायला मात्र कोणी नसतं. माझी दुपार असते तेव्हा शिकतानाच्या मैत्रिणी झोपलेल्या असतात. म्हणून तुम्हाला सांगते.

तिसरे आले ते दत्तारामकाका, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवरचे वॉचमन. बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पण शिमग्याला सुट्टी मिळाली नाही की नोकरी सोडायची, फंड काढायचा, गावाहून परतल्यावर दुसरीकडे लागायचं, असा त्यांचा शिरस्ता. फंड काढला की मागची वर्षं पुसली जातात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारीअखेर खात्यावर उरत होती नऊ वर्षं तीन महिने. साडेनऊ भरली तर नियमाने दहा धरतात. एक जूनला त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार, त्यापुढची नोकरी पेन्शनला धरत नाहीत, म्हणजे हातात उरले मार्च, एप्रिल, मे. एकही महिना चुकून चालणार नव्हता.

"मग झालंच की," काका म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

*

काजूच्या कारखान्यातल्या पार्वतीकाकूंचा वाढदिवसही एक जूनच. त्यांच्या अख्ख्या वर्गाचा एक जून! शाळेत नाव घालताना गुरुजी तारीख तीच लिहायचे आणि साल उंची बघून ठरवायचे. काकू बुटक्या, त्यामुळे खरं वय बासष्ट आणि कागदावर छप्पन्न.

मी पेटून उठले. प्रतिज्ञापत्र करू, पुरावे शोधू, वय दुरुस्त करून घेऊ, असं बरंच बोलले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नको गो बाय. वय सुधारलंस तर मुकादम उद्याच घरी बसवील. आणि घरी बोलायचं कोणाशी?"

*

रफिकचाचा बावीस वर्षं कुवेतला स्वयंपाकी होते. जुने पासपोर्ट रबरबँड लावून घेऊन आले. यातली किती वर्षं इथल्या पेन्शनला धरतात, एवढंच त्यांना हवं होतं.

मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, की एकही नाही.

चाचांनी पासपोर्ट पुन्हा नीट एकावर एक रचले. "म्हणजे तेवढी वर्षं मी हितं नव्हतोच," ते म्हणाले. उठताना हसले. "बायको पण हेच म्हणते."

*

एकदा एका वाडीत व्याख्यान ठेवलं. सतरंजीवर एक आजी तेवढ्या शेवटपर्यंत बसल्या. मी तासभर बोलले: अंशदान, पात्र सेवा, निवृत्तीचं वय. संपल्यावर विचारलं, काही शंका आहे का?

"बोलतेस छान," आजी म्हणाल्या. "जेवायला कोण असतं तुझ्याबरोबर?"

*

मार्च उजाडला आणि दत्तारामकाका संध्याकाळी खोलीवर आले. कंपनीत नवा ठेकेदार आला होता. शिमग्याला गेलास तर परत येऊ नकोस, असं त्याने सांगितलं होतं.

मग जायचं नाही, मी म्हटलं. या वयात तीन महिन्यांसाठी दुसरी नोकरी कोण देणार? थोडी कळ काढा, पुढे आयुष्यभर पेन्शन. मी तक्त्यासमोर उभी राहून अर्धा तास बोलले. काका मान हलवत होते.

"सगळं खरं बाय. पण परवा देवीची पालखी घरी येते. ही गेल्यापासून दार उघडायला मीच. मुलग्याला मुंबईत रजा नाही."

"आणि दार बंद असलं तर?"

"थांबते थोडा वेळ. मग पुढच्या घरी जाते."

बघतो, म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कंपनीच्या गेटवर गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खुर्चीखाली भरलेली पिशवी होती.

"काका, घराची चावी द्या. पालखीला मी थांबते."

त्यांनी खुर्चीखालची पिशवी पुढे ओढली.

"ओटी भरता येते?"

"नाही. शिकवा."

त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आतले सोललेले पाच नारळ एकेक करून गेटवरच्या टेबलावर मांडले.