झऱ्याखालचा देव

वेल्ह्याच्या स्टँडवर उभा होतो. पुण्याच्या एस.टी.तून आमच्या जुन्या कँपचा ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "लिमये साहेब गेले." मी विचारलं, "कुठं?" बदली झाली असेल, असंच वाटलं… महिना उलटला, तरी तो माझाच प्रश्न कानातून जात नाही. पन्नाशीही न गाठलेला, तोरण्याच्या चढावर आम्हा तरुणांना धापा टाकायला लावणारा माणूस सकाळचा चहा पिता पिता खुर्चीतच गेला.

युरेनियम शोधणारं सरकारी पथक वेल्ह्याच्या वरच्या अंगाला तंबू ठोकून होतं, तेव्हा साहेब त्याचे प्रमुख होते आणि मी प्रयोगशाळेत. मार्गासनीच्या आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, हे तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. ड्रिलनं कातळाला भोक पाडायचं, आतून निघालेले दगडाचे गोल दांडके पेट्यांत ओळीनं मांडायचे, ओढ्या-झऱ्यांचा गाळ तपासायचा, असं काम. युरेनियम झिजत झिजत शेवटी शिसं होतं, म्हणून शिशावरही आमची नजर. एका धनगरवाडीच्या झऱ्याच्या गाळात ते सापडलं, तेही भरपूर. मी तंबूत अक्षरशः नाचलो. कँप उठणार अशी कुणकुण होती. आता आणखी एक हंगाम तरी नक्की.

साहेब नाचले नाहीत. झरा बघून येऊ म्हणाले. झऱ्याच्या तोंडाशीच शेंदूर फासलेला देव होता. साहेबांनी उकिडवं बसून निरखला आणि त्यांना हसू फुटलं. आमच्याच पेटीतला दांडका तो! जमिनीच्या पोटातून इतका गोल, गुळगुळीत दगड वर आला म्हणजे देवच, असं समजून वाडीनं आणून बसवलेला. शेंदरात शिसं असतं. तेच धुऊन गाळात उतरलं होतं.

वाडीचं पिण्याचं पाणी तेच. देव झऱ्याच्या खालच्या अंगाला बसवा, शेंदूर पोटात जाणं बरं नाही, असं साहेबांनी परोपरीनं सांगितलं. कोणी हात लावेना. वाडीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सगुणाबाई म्हणाल्या, "तुमीच काडला खालनं, तुमीच हलवा. कोप झाला तर तुमच्यावर, आमी मोकळं." सगळे हसले. साहेबांनी बूट काढले, देव उचलून खाली नेऊन बसवला, हात जोडले. अहवालात खरं ते लिहिलं. कँप उठला, माझी नोकरी गेली. मी चिडलो तर म्हणाले, "बी.एस्सी. आहेस ना? मग शेंदराला खाण म्हणू नकोस."

ड्रायव्हरनं सांगितलं त्याच दिवशी मी वाडीवर गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. माणसं झऱ्यावर जमलेली. देव हलवला म्हणूनच साहेब गेले, आता तो होता तिथं वर नेऊन ठेवायचा, असं ठरत होतं. सगुणाबाई तोंडाला पदर लावून बाजूला बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "म्या थट्टेत बोलले रं… लागलं का त्यास्नी?"

एवढा शिकलेला मी. "न्हाई आजी, तसं नसतं," कसंबसं म्हणालो. त्यांना पटलं नाही, दिसतच होतं.

दोघं देव उचलायला वाकले, तशा त्या उठल्या. "हात लावू नगा. साहेबांनी बसवलाय तिथंच ऱ्हाईल. कोप व्हायचा तर आता माझ्यावर हू दे."

मागच्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. देव खालीच आहे, ताज्या शेंदरानं लाल. वर बायका हंडे भरत होत्या…