भागिले तीनशे

माझ्या आईला कामावर सगळे 'काटा' म्हणायचे. तोंडावर मावशी आणि पाठीमागे काटा, वजनाचा काटा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती सव्वीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती आणि तेवढ्या काळात तिनं मीठ एकदाही मापानं घातलं नाही. तांदूळ ओतताना मध्येच हात थांबवायचा आणि म्हणायचं, बास. स्टोअरवाल्यानं एकदा पैज लावून तो तांदूळ वजन करून पाहिला, तर पाव किलोचाही फरक निघाला नाही. ती गोष्ट तो येईल त्याला ऐकवायचा. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवशी घरी येताना तिची चाल वेगळी असायची, हे मला दिसायचं.

मी तिची थोरली. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात बाह्या जोडते. माझं डोकं लवकर तापतं आणि तोंडाला फाटक नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्यात मी काय काय बोलले तेही सांगायचंय.

आईची एक पद्धत होती. वाढून झालं की ती खरकटी ताटं परत येतात त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. ताटं धुणारी बाई वेगळी होती, आईचं तिथे काही काम नव्हतं. ती नुसती ताटं बघायची. मी लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे तेव्हा तिनं मला शिकवलं होतं. ताटात घासभर काही राहिलं असेल तर माणूस पोटभर जेवला. अर्धं ताट परत आलं तर काहीतरी बिघडलंय, स्वयंपाकात नाहीतर माणसात. आणि ताट पुसून लख्ख आलं तर ते आपलं कौतुक समजायचं नाही, तो माणूस उपाशी उठलाय. अशा माणसाला ती दुसऱ्या दिवशी न विचारता एक डाव जास्त वाढायची. माझ्या हातून कुणी उपाशी उठला नाही, एवढंच ती स्वतःबद्दल बोलायची. दुसरी कसली बढाई तिला येत नव्हती.

वडील गेले तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. मी शाळा सोडून मशीनवर बसले. मला त्याचं फार दुःख झालं असंही नाही, शिकायची अक्कल आमच्या घरात धाकटीच्याच वाट्याला आलेली. पुढे तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फीसुद्धा माफ झाली. फक्त होस्टेलच्या यादीत तिचं नाव खाली राहिलं. म्हणजे बाहेर खोली घ्यायची, हातानं रांधून खायचं, आणि ते सगळं आमच्या दोघींच्या पगारातून. ओढूनताणून महिन्याला नऊ हजार निघत होते. त्यात बसलं तर कॉलेज, नाही बसलं तर माझ्याशेजारची मशीन रिकामीच होती.

खोली आईनंच पसंत केली. कॉलेजसमोरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, एकटीची. एक खाट, एक टेबल, ओट्यावर एका शेगडीची जागा आणि खिडकीतून दिसणारं कॉलेजचं फाटक. आई स्वतः नऊ माणसांच्या एका खोलीत वाढलेली. मुलीला स्वतःचं दार हवं आणि त्याला आतून कडी हवी, हा तिचा हट्ट. भाडं साडेपाच हजार. मी म्हटलं, अगं, कुणाबरोबर घेतली तर स्वस्तात पडेल. तर म्हणाली, अभ्यास दाराआड होतो. आई एकदा म्हणाली की संपलं.

रविवारी दुपारी तिघी हिशेबाला बसलो. वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं. भाडं साडेपाच हजार. वीज चारशे. वह्या-पुस्तकं आणि कॉलेजचं किरकोळ नऊशे. साबण, फोन वगैरे चारशे. राहिले अठराशे, आणि खाणं अजून लिहायचंच होतं. मी पेन खाली ठेवलं. आईनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाली, बसतं. तिच्या कॅन्टीनच्या फळ्यावर ऑफिसवाले दर महिन्याला खडूनं लिहायचे, एका ताटामागे सामानाचा खर्च किती. एका दिवसाचं सामान भागिले तीनशे माणसं. त्या महिन्याचा आकडा होता अठ्ठावीस. दोन वेळचे छप्पन्न, चहाचे चार, झाले साठ. तीस दिवसांचे अठराशे. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

धाकटीनं टाळ्या पिटल्या. आईच्या अंदाजावर देवसुद्धा शंका घेणार नाही, असं मी म्हणाले. माझेच शब्द. आईनं तिला पत्र्याचा एक जुना कप दिला आणि आतल्या अंगाला खिळ्यानं खूण ओढली. इथपर्यंत तांदूळ, एका वेळेचा, एका माणसाचा.

धाकटी गेली. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, जेवले. पैसे पुरतात का, पुरतात. पहिल्या चाचणीत गुण चांगले, दुसऱ्या चाचणीत जरा कमी. मधे एकदा दाखला न्यायला म्हणून ती एका दिवसासाठी आली, तेव्हा गालफडं बसलेली. आई कामाच्या पाळीवर होती, तिची नि धाकटीची भेट पाळी सुटल्यावर बसस्टँडवर उभ्या उभ्या झाली. मी मात्र तिला चांगली न्याहाळून पाहिली आणि म्हटलं, काय बाई, कॉलेजची हवा लागली वाटतं, कंबर बारीक करायचं खूळ शिरलंय डोक्यात! ती हसली. मीही हसले. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग सहामाहीची सुट्टी लागली. दुपारी तिघी जेवायला बसणार होतो, आईनं आधी धाकटीचं पान वाढलं. भात, डाळ, बटाट्याचा रस्सा, उकडलेली अंडी. धाकटी मान खाली घालून भराभर जेवली. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढू का म्हटल्यावर नको म्हणाली. आणि मग तिनं बोटानं ताट पुसलं. कडेकडेनं, गोल, शेवटच्या थेंबापर्यंत. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. आई हातात डाव घेऊन उभी होती. तिची नजर त्या ताटावर गेली आणि तिथेच राहिली.

"तुझी खर्चाची वही आण," आई म्हणाली.

वहीत पै न पै लिहिलेली होती. खोटं कशाला बोलू, मी त्यात उधळपट्टी शोधत होते. एखादा सिनेमा, एखादी ओढणी, काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं. काही नव्हतं. साठ, एकोणसाठ, साठ, अठ्ठावन्न. तांदळाचा भाव वाढला त्या महिन्यात शेवटचे पाच दिवस फक्त पाव आणि चहा. वर्गात ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. ते वहीत नव्हतं, ते आईनं विचारल्यावर तिनं सांगितलं.

मी भडकले. तोंड नव्हतं का तुला, फोनवर काय मिठाची गुळणी धरून बसायचीस, असं बरंच काही बोलले. पोटाला चिमटा घेऊन शिकायला सांगितलं होतं का कुणी? धाकटी ताटाकडे बघत बसली होती.

"आईचा अंदाज कधी चुकत नाही ना," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच पोट जास्त आहे. होईल सवय हळूहळू."

आईनं डाव भांड्यात ठेवला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दुपारी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती टाइमकीपरकडे गेली आणि तिनं हजेरीचं रजिस्टर मागितलं. सव्वीस वर्षांत तिनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. टाइमकीपरनं म्हणे विचारलं, मावशी, कुणाची रजा तपासताय? घरी आली ती चप्पल न काढता उंबऱ्यातच बसली. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

कागदावर तीनशे नावं आहेत, तिनं सांगितलं. सामान तीनशेंचं येतं. जेवायला येतात दोनशे चाळीस. कुणी रजेवर, कुणाची पाळी बदललेली, कुणी घरून डबा आणतो. उरत तर काहीच नाही. म्हणजे साठ माणसांचं जेवण रोज त्या दोनशे चाळीस जणांच्या पोटात जात होतं. ती खिडकीशी उभी राहून ताटं बघत होती, वाढताना हात सैल सोडत होती, आणि फळ्यावरचा आकडा तसाच खरा धरून चालली होती.

"न आलेल्यांच्या वाट्यावर आलेले जेवत होते गं," आई म्हणाली. "तिच्या खोलीत न येणारं कोण होतं?"

आईनं पहिल्यांदाच सलग चार दिवसांची रजा टाकली. सुट्टी संपली तशा आम्ही दोघी धाकटीबरोबरच निघालो. गल्लीतल्या दुकानात आई एकेक भाव विचारत उभी राहिली. कॅन्टीनला पोत्याच्या भावानं मिळणारा तांदूळ इथे किलोनं, तेल बाटलीनं, बटाटे तर मोजून. तीनशेऐवजी दोनशे चाळीसनं भागलं तर अठ्ठावीसचं ताट मुळात पस्तीसचं होतं, ते इथल्या भावानं चव्वेचाळीसवर गेलं. दोन वेळचे अठ्ठ्याऐंशी, सकाळचा चहा आणि काहीतरी पोटाला, बारा. दिवसाचे शंभर. महिन्याचे तीन हजार. आमच्याकडे होते अठराशे.

बाराशे आणायचे कुठून? धाकटीच्या वर्गातल्या एका मुलीला खोलीत जोडीदारीण हवी होती, बसनं चार थांबे लांब. वाटणीचं भाडं चार हजार. पंधराशे वाचत होते, त्यातले तीनशे बसच्या पासाला जाणार. बाराशे हातात. ऐकल्याबरोबर धाकटीनं मान हलवली. इतके महिने हूं की चूं न करणारी पोरगी तेव्हा मात्र बोलली. ही खोली सोडणार नाही म्हणाली. इथे पहाटे उठून वाचते, मध्ये कुणी बोलत नाही, भूक काय, सहन होते. मी आईकडे पाहिलं. ते दार, ती कडी तिच्याच हट्टाची होती.

"दार खाता येत नाही, बाळा," आई म्हणाली. मग तिनं मला वहीचं नवं पान काढायला सांगितलं आणि पहिल्या ओळीवर खाणं लिहायला लावलं. भाडं त्याच्या खाली.

सामान हलवायच्या दिवशी दुपारी आईनं त्या खोलीत शेवटचं रांधलं. एकीचंच. एका माणसाला खरोखर किती लागतं हे मला बघायचंय, म्हणाली, आपण दोघी नंतर पाव खाऊ. ताट धाकटीपुढे ठेवून ती समोर जमिनीवर बसली. मी खाटेवर. धाकटी जेवली, पुन्हा घेतलं, आणि मग हात मागे घेतला. ताटाच्या कडेला दोन घास भात राहिला होता. माझा जीव भांड्यात पडला.

आई बघत राहिली. भात नीट गोळा करून बाजूला ठेवलेला होता, डाळीचा थेंबही न लागलेला. ताटाची उरलेली जागा लख्ख होती. लहानपणी आईकडून शिकलेलं सगळं मी धाकटीला शिकवलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

"हे मला दाखवायला ठेवलंयस," आई म्हणाली. "मला फसवू नकोस. खा."

धाकटीनं तो भात खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आईनं भांड्यात होतं तेवढं तिला वाढलं, तेही संपलं. मग आई उठली, तिनं पुन्हा तांदूळ धुतले, पुन्हा शेगडी पेटवली. खाली घरमालकीण सामान कधी काढताय म्हणून हाका मारत होती. मी खिडकीतून डोकं काढून तिला सांगितलं, मुलगी जेवतेय.

शेवटी धाकटीनं ताट पुढे सरकवलं. त्यात घासभर भात होता, इकडेतिकडे पसरलेला, डाळीत भिजलेला. आईनं तो वाकून पाहिला. मग तिनं पत्र्याचा कप मांडीवर घेतला, खिळा मागितला आणि आतल्या अंगाला नवी खूण ओढली, पहिलीच्या बरीच वर. जुनी खूण तिनं तशीच राहू दिली.