व्याजाची कडी

रिसोडला आमच्या बँकेसमोर एक शिंपीचाचा बसतात. दर तिमाहीला ते पासबुक छापून घेतात आणि भर रांगेत मला विचारतात, "बाबू, माह्या खात्यात हरामाचे किती आले?" सगळी रांग संशयानं माझ्याकडे बघते.

हरामाचे म्हणजे व्याज; इस्लाममध्ये ते निषिद्ध. बँका आल्या तेव्हापासून आलिमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, त्याचं काय करायचं यावर वाद आहे, हे मला, घरातल्या पहिल्या पदवीधराला, चाचांनीच शिकवलं. काही आलिम म्हणाले, व्याज बँकेतच सोडा. काही म्हणाले, उचला आणि लोकांच्या कामी लावा, पण सवाबाची, म्हणजे पुण्याची, आशा धरू नका. चाचांना हे दुसरं पटलं.

यंदा त्या पैशातून त्यांनी बाजारातल्या सार्वजनिक संडासाला नवं दार आणि कडी बसवली. आधी आत बसून सारखं खोकावं लागे. लोक आभार मानायला दुकानात गेले, तर चाचा कात्री घेऊनच उठले. "शुक्रिया कायले म्हनता? सवाब लागंल ना मले! मंग व्याज खाल्ल्यासारखंच झालं. जा, नावं ठेवा!"

काल मीही तिथं पहिल्यांदाच न खोकता बसलो. बाहेर आलो तर समोर चाचा उभे, धास्तीनं माझ्या तोंडाकडे बघत. आभार अगदी ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "काय कडी बसवली चाचा! बोट चेमटलं माह्यं."

चाचांचा चेहरा खुलला. "जीते रहो, बेटा!"